अर्धं परत, अर्धं तसंच

टोकियोच्या निशिकासाई भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. नाव छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, आम्ही सहा वर्षं इथे राहतो. शेजारच्या दारात एक जपानी आजी-आजोबा. मी संक्रांतीला गुळपोळी दिली, गणपतीत मोदक दिले, की दोन दिवसांत आजी काहीतरी घेऊन दारात उभ्या. कधी संत्री, कधी तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. एकदाही डबा नुसता परत आला नाही. ऑगस्टमध्ये आजोबा गेले. इथल्या मैत्रिणीला विचारून मी काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं पाकीट आणलं, त्यात १०,००० येन घालून दिले. परवा कुरिअरनं हिरव्या चहाचे दोन डबे आले. सोबत छापील कार्ड. हातानं लिहिलेला एक शब्द नाही, अगदी पूर्णविरामसुद्धा नाही. मला रडूच आलं. दुःखाचेही पैसे परत करतात का हो? नवरा म्हणतो, त्यांना आपलं काही नको असेल, तू थांबव आता. सासूबाई म्हणतात, मयताघरचं आलेलं घरात ठेवू नये. डबे तसेच फ्रिजवर पडलेत. दिवाळी तोंडावर आली, फराळ द्यावा की नाही तेही कळेना. आपल्याकडे माया असते, यांच्याकडे नुसता हिशेब, असं वाटायला लागलंय."

प्रिय ताई,

फराळ द्या. कसा द्यायचा ते शेवटी सांगते. त्याआधी त्या चहाबद्दल बोलू, कारण तुमचं मन तिथे अडकलंय. आजींनी जे पाठवलं ते तुम्हाला दुखवायला पाठवलेलं नाही, हे तुम्हाला नीट समजावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुम्ही दिलेल्या पाकिटाला जपानीत कोदेन म्हणतात. म्हणजे उदबत्तीचा पैसा. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला खर्चात हातभार लागावा म्हणून आप्त, शेजारी, कचेरीतली माणसं तो देतात. तिकडच्या बौद्ध रीतीत मृत्यूनंतर दर सातव्या दिवशी विधी असतो, असे सात आठवडे. एकोणपन्नासाव्या दिवशी गेलेल्या माणसाची पुढची वाट ठरली असं मानतात आणि घरचे जरा मोकळे होतात. आपल्याकडच्या तेराव्यासारखंच, फक्त मुदत लांब. तो दिवस पार पडला की ज्यांनी ज्यांनी कोदेन दिलं त्यांना घरचे भेट धाडतात. तिला कोदेनगाएशी म्हणतात. तुमची तारीख मोजून बघा. ऑगस्टमध्ये आजोबा गेले आणि आता चहा आला, सगळं वेळच्या वेळी झालंय.

चहाच का, तेही सांगते. या भेटीत शक्यतो संपून जाणाऱ्या वस्तू देतात: चहा, समुद्री शेवाळाचे पापड, साखर, साबण. दुःख घरात साठून राहू नये, वापरता वापरता नाहीसं व्हावं ही त्यामागची भावना. म्हणजे सासूबाईंना जी भीती वाटते तिचाच विचार करून ती वस्तू निवडलेली असते. त्यांना हे सांगा, त्यांना पटेल.

आणि कार्डावर पूर्णविराम का नाही? तुम्ही ते टिपलंत याचं मला कौतुक वाटलं. अशा पत्रांत विरामचिन्हं घालायची नाहीत असा तिथला जुना रिवाज आहे. विधी कुठेही न अडता, न थांबता पार पडावेत म्हणून वाक्याला मध्येच थांबवत नाहीत. मजकूरही ठरलेला असतो. प्रत्येकाला तोच, नातेवाइकाला तोच आणि तुम्हालाही तोच. ज्या कार्डाच्या कोरडेपणाचं तुम्हाला वाईट वाटलं, ते खरं तर आजींनी तुम्हाला आपल्या माणसांच्या यादीत धरल्याची खूण आहे. परक्या, तात्पुरत्या भाडेकरूला म्हणून काही वेगळं, सोपं केलं नाही.

आता रकमेबद्दल. शेजारी साधारण ३,००० ते ५,००० येन देतात. तुम्ही १०,००० दिलेत. तुमचा जीव होता म्हणून दिलेत, त्यात चूक काही नाही. पण परत करायची रीत आहे निम्म्याची. हानगाएशी, म्हणजे अर्ध्याची परतफेड. काही ठिकाणी एक तृतीयांश. म्हणून तुमच्याकडे एका डब्याऐवजी दोन आले. पुढे कधी अशी वेळ आली तर ५,००० पुरे. जास्त दिलं की समोरच्यावर परतीचा भार वाढतो, आणि तो भार उचलायला त्या घरात आता एकटी म्हातारी बाई आहे.

या निम्म्यावर मी पत्र वाचल्यापासून विचार करतेय. कोणाला हिशेब मिटवायचा असेल तर तो पूर्ण मिटवेल. अर्धं का परत करेल? अर्धं परत करतात कारण उरलेलं अर्धं तसंच ठेवायचं असतं. ते फिटत नाही, फेडायचं नसतंच. त्या अर्ध्यावर माणसं पुढची वीस-तीस वर्षं एकमेकांच्या दारात जात राहतात. तुम्ही तिथे रोज ऐकता तो सुमिमासेन हा शब्द माफीलाही वापरतात आणि आभारालाही. त्याच्या मुळाशी "संपलं नाही, फिटलं नाही" असाच अर्थ आहे. कोणी दार धरून उभं राहिलं तरी आत जाणारा माणूस म्हणतो, तुमचं माझ्याकडे राहिलं. आपणही "तुमच्या ऋणातच राहू दे" म्हणतो, पण भाषणात. ते लोक हे दिवसातून दहादा म्हणतात.

आता तुमचं शेवटचं वाक्य. आपल्याकडे माया, यांच्याकडे हिशेब. ताई, हे वाचून मला माझ्या आईची वही आठवली.

मिरजेच्या घरात आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल कापडी पुठ्ठ्याची वही असायची. आहेराची वही. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात कोणी काय दिलं ते सगळं तीत ओळीनं. अमक्याकडून स्टीलचं पातेलं, तमक्याकडून ब्लाऊजपीस आणि ११ रुपये, कोणाकडून घड्याळ. कोणाच्या घरी कार्य निघालं की आई आधी ती वही उघडायची. पातेलं आलं असेल तर पातेल्याच्या तोलाचं काहीतरी, वर दिवस बदलले म्हणून थोडं जास्त. लहानपणी मला ते फार हिशेबी वाटायचं. एकदा तिला तसं बोललेही. आई म्हणाली, "ज्यांची नावं यात आहेत ती आपली माणसं आहेत. वही हरवली तर मला कळेल कसं, कोणाकडे जायचं राहिलंय ते?"

जपानी घरांतही अशीच वही असते. तिला कोदेनचो म्हणतात. कोणी किती कोदेन दिलं ते तीत लिहून ठेवतात, म्हणजे त्यांच्या घरी वाईट वेळ आली तर तेवढंच घेऊन जाता येतं. कित्येक घरांत वडिलांच्या वेळची वही मुलाकडे जाते. आजींच्या घरातल्या वहीत आता तुमचं आडनाव असणार, बहुधा काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, जरासं वेडंवाकडं लिहिलेलं. तुम्ही तिथल्या नागरिक आहात की नाहीत हे सरकार ठरवतं. पण त्या मजल्यावर तुम्ही शेजारी आहात, हे त्या वहीनं ठरवलंय.

मग आपल्याकडे हिशेब नाही असं कसं म्हणायचं? दुखवट्याच्या आहेरात टॉवेल-टोपी येते, तीही लक्षात ठेवून परत केली जातेच की. लग्नातल्या मानपानात साडी हलकी आली की वर्षानुवर्षं बोललं जातं. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असं छापलं तरी लोक पाकीट घेऊन जातात, कारण रिकाम्या हातानं मांडवात शिरणं जमत नाही. हिशेब दोन्हीकडे आहे. आपल्या घरातला हिशेब आपण लहानपणापासून पाहिलेला असतो, म्हणून तो मायेसारखा दिसतो. दुसऱ्याच्या घरातला उघडा दिसतो.

आपल्याकडेही पूर्ण परत करणं आणि काहीच परत न करणं, दोन्ही चालत नाही. ओटी भरताना आठवून बघा. आमच्या घरी ओटीत तांदूळ, खण, नारळ पडला की जिची ओटी भरली ती त्यातले चिमूटभर तांदूळ परत ताटात टाकते. कोणी शिकवत नाही, बघून बघून हात आपोआप जातो. सगळं घेतलं असं व्हायला नको, आणि देणारीचं ताटही रितं राहायला नको. पाकिटात १०० ऐवजी १०१ घालतो तेव्हाही तो एक रुपया पुढच्या भेटीसाठी शिल्लक ठेवलेला असतो, असं माझी आजी सांगायची. तुमच्या शेजारच्या आजींच्या निम्म्या परतफेडीत आणि आपल्या चिमूटभर तांदळात मला फार अंतर दिसत नाही.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी १९२५ साली जगभरच्या समाजांतल्या भेटवस्तूंवर एक मोठा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की देणं, घेणं आणि परत देणं ही तीनही बंधनं आहेत आणि कुठल्याच समाजात भेट पूर्णपणे फुकट नसते. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या समजुतीवरून त्यांनी मांडलं की वस्तूबरोबर देणाऱ्याचा काही अंश जातो आणि तो परत यायला धडपडतो. हे वाचलं तेव्हा मला आपली आहेराची भांडी आठवली. पातेल्याच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली. मावशी जाऊन पंधरा वर्षं झाली, पण तिच्या नावाच्या पातेल्यात मी अजून दूध तापवते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तुमच्या नवऱ्याचं "थांबव आता" मला पटलेलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी पहिल्या दिवशी पिठलं-भात आणला. आमच्याकडे चूल पेटायची नव्हती. पुढे रोज काही ना काही यायचंच. मला त्या उपकाराचं इतकं ओझं झालं की चौदाव्या दिवशी, पाहुणे अजून घरात असताना, मी एक चांगली साडी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी घेतली. हळदीकुंकू लावलं. मग म्हणाल्या, "इतकी घाई केलीस होय गं?" त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मला अजून दिसतं. मला वाटलं होतं मी कृतज्ञता दाखवतेय. खरं तर मला त्यांच्या उपकारातून सुटायचं होतं, आणि ते त्यांना कळलं. पुढे वर्षभर त्या आल्या, बोलल्या, पण डबा काही आला नाही. मी साडीनं तो बंद केला होता.

म्हणून सांगते, परत देणं दुखावत नाही. सुटका करून घ्यायला परत दिलं की दुखावतं. आजींनी सात आठवडे थांबून, रिवाजाप्रमाणे, निम्मं परत दिलंय. त्यात सुटका नाही. उलट तुम्ही आता दार बंद केलंत, तर तुमच्या हातून माझी साडी होईल.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. सहा वर्षं तुम्ही देत आलात आणि आजींनी परत केलं. सुरुवात नेहमी तुमची होती. त्यांना तुमच्याकडून कधी काही मागता आलं नाही आणि तुम्हीही त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाहीत. आपल्याला द्यायला आवडतं, त्यात आपला हात वर राहतो. घ्यायला जड जातं. माझं ऐका, या वर्षी आजींकडे काहीतरी मागा. तुम्ही चार दिवस कुठे गेलात तर कुंडीला पाणी घालाल का म्हणून विचारा. मुलाच्या शाळेतून आलेली एखादी चिठ्ठी कळत नसेल तर ती घेऊन जा. मुळ्याचं लोणचं कसं घालता, ते शिकवाल का विचारा. नवरा गेल्यावर बाईला सगळे देत असतात. तिच्याकडे मागायला कोणी येत नाही. माझ्या आईला वडिलांनंतर पहिल्यांदा हुरूप आला तो कोणीतरी दिवाळीच्या चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारायला आलं तेव्हा.

आता करायचं काय ते.

चहा उघडा. हा चहा उकळत नाहीत, पाणी उकळून जरा निवू द्यायचं, सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत. दूध-साखर नाही. तुम्ही दोघं बसून प्या, आजोबांची आठवण काढा. या भेटीला उलट भेट द्यायची नाही. आभाराचं पत्रही धाडत नाहीत, कारण आभार आले की दुःखाची देवाणघेवाण लांबते असं मानतात. जिन्यात भेट झाली तर "चहा पोचला" एवढंच सांगा, आणि जेवता का, झोप लागते का, ते विचारा.

नववर्षाचं शुभेच्छापत्र मात्र त्यांना या वर्षी पाठवू नका. वर्षभर ते घर मोच्यूमध्ये, म्हणजे सुतकात असतं आणि त्यात नव्या वर्षाचं अभिनंदन करत नाहीत. कदाचित नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांच्याकडूनच तसं सांगणारं साधं कार्ड येईल. ते वाचूनही परत रडू नका, तेही सगळ्यांना जातं. पुढच्या उन्हाळ्यात आजोबांचा पहिला ओबोन येईल. आपल्या पितृपक्षासारखा, गेलेली माणसं घरी येतात तो सण. त्या वेळी थोडी फुलं घेऊन जा आणि त्यांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावून या. तुम्ही तारीख लक्षात ठेवलीत याचं त्यांना किती वाटेल, ते मी इथून सांगू शकत नाही.

आणि फराळ. तुम्हाला शंका आली की सुतकातल्या घरी गोडधोड कसं द्यावं. पण ताई, आपल्याकडे रीत काय आहे ते आठवा. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही, आणि म्हणूनच शेजारपाजार, नातेवाईक त्यांच्याकडे फराळाची ताटं पोचवतात. त्या घरातल्या पोरांना दिवाळी कोरडी जायला नको म्हणून. त्या वर्षी त्यांच्याकडून उलट फराळाची अपेक्षा कोणी करत नाही. म्हणजे या दिवाळीला आजींना फराळ देणं हे तुमच्या-माझ्या घरच्या रीतीतच बसतं. हे त्यांना मोडक्यातोडक्या जपानीत सांगा. आमच्याकडे असं असतं, म्हणून आणलंय.

द्या मात्र थोडं. तिथे घरात आलेल्यातलं थोडंसं शेजाऱ्याला देण्याला ओसुसोवाके म्हणतात, म्हणजे वस्त्राच्या कडेएवढा वाटा. त्याला सहसा मोठी परतफेड लागत नाही. वयानं मोठ्या बाईसमोर तो शब्द वापरू नका, नुसतं "जरा जास्त झालंय, घ्या" म्हणा. बेसनाचे चार लाडू, दोन करंज्या, मूठभर चिवडा, मिरची न घालता केलेला. चकली त्यांच्या दाताला सोसणार नाही. रंगीत कागद, फीत, खोका काही नको. सजवलेल्या भेटीची किंमत ताडावी लागते, आणि मग त्या पुन्हा दुकानात जातील.

कशात द्यायचं यावर मी दोन दिवस विचार केला. आधी वाटलं कागदी डब्यात द्यावं, म्हणजे परत करायची भानगड नाही, आजींच्या जिवाला घोर नाही. मग माझा विचार बदलला. स्टीलच्या डब्यातच द्या, झाकणावर तुमचं नाव कोरलेला असेल तर तोच. आजोबा होते तेव्हा त्या घरात दोन माणसं होती. आता कित्येक दिवस त्या कोणाशी बोलतही नसतील. नुसतं "सहज आले" म्हणून शेजारच्या दाराची घंटा वाजवणं त्यांच्या पिढीच्या जपानी बाईला जमणार नाही. डबा परत करायला येणं जमेल. दोन दिवसांनी त्या येतील, डब्यात तीन-चार संत्री असतील. त्या वेळी "अहो कशाला" म्हणून दारातूनच पाठवू नका. त्यांना आत बोलवा आणि त्यांनीच पाठवलेला चहा करा.

तुमची,
ताई